वाळवंट झाडणारे गाडगेबाबा

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. दिंडी काढणाऱ्या मूळपुरुषांविषयी, विणेकऱ्यांविषयी, भिशी सांभाळणाऱ्या मंडळींविषयी या स्मरणिकेत लिहिलेलं आहेच. मग त्यात गाडगेबाबांचं चरित्र कशासाठी, असं एखादा माळकरी विचारील. बाबा आपल्या फडाचे नव्हते. त्यांनी कुणाला अनुग्रह दिला नाही, शिष्य केला नाही. आपल्या दिंडीत ते चालल्याचंही कुणाच्या ऐकिवात नाही. तरीही हे चरित्र घ्यायचंच, असं आम्ही सर्वांनी मिळून ठरवलं. त्याला एक कारण घडलं, ते आधी सांगतो.

फलटण सोडल्यावर पुढे एका गावाच्या शिवारात आपला मुक्काम वर्षानुवर्षं एकाच शेतात पडायचा. आजोबांच्या वेळेपासून तेच रान, तीच विहीर, तोच लिंबाचा पार. त्या घरच्या लेकीबाळी आपल्या बायकांना मावशी-आत्या म्हणायच्या. आपणही त्याला आपलंच घर समजत आलो. काही वर्षांमागे त्या घरचा धनी रस्त्यावर येऊन उभा राहिला. वीणेच्या पाया पडला, सगळ्यांना गूळपाणी दिलं आणि हात जोडून सांगितलं की यंदा तेवढं शेत मागू नका. आदल्या साली आपण गेल्यावर त्याला चार दिवस रानातून पत्रावळ्या, द्रोण आणि प्लास्टिकचे ग्लास वेचावे लागले होते. बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. दावणीच्या गाईच्या पोटात पिशवी गेली आणि गाय दगावली.

आपल्यातले काहीजण चिडले. वारकऱ्याला जागा नाकारणं म्हणजे काय, अशी भाषा झाली. शेवटी दुसरीकडे माळावर राहुट्या ठोकल्या. हरिपाठ झाल्यावर आपले जुने विणेकरी बुवा, जे एरवी फारसं बोलत नसत, ते बोलले. ते लहान असताना वडिलांबरोबर वारीला आले होते. चंद्रभागेच्या वाळवंटात दिंड्या जेवून उठल्या की मागून चिंध्या नेसलेला एक म्हातारा खराटा घेऊन यायचा आणि उष्टं-खरकटं गोळा करायचा. वडिलांनी त्यांना सांगितलं होतं, हे गाडगेबाबा. एवढं सांगून बुवा झोपायला गेले. त्या रात्री माळावर कुणाला लवकर झोप लागली नाही.

तर ते गाडगेबाबा कोण, कुठले.

अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव म्हणून गाव आहे. तिथं २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखुबाई. मुलाचं नाव डेबूजी. वडिलांना दारूचं व्यसन लागलं, त्यात होतं नव्हतं ते गेलं आणि डेबू लहान असतानाच वडीलही गेले. आईनं पोराला पोटाशी धरलं आणि माहेरची वाट धरली. माहेर मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे. जन्म शेंडगावचा खरा, पण डेबू वाढला दापुऱ्यात, मामाच्या घरी.

वऱ्हाडातली ही पूर्णेकाठची जमीन ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काळी, खोल, चिकट माती. पावसाळ्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते, इतकी की वासराचा पाय अडकावा. त्या पट्ट्यात विहिरींना पाणी लागतं, पण ते खारं. म्हणून तिथल्या माणसाचा नदीवर फार जीव. डेबू या मातीत मामाची गुरं राखायचा, औत हाकायचा, पूर्णेत पोहायचा. रात्री गुराख्यांची, गड्यांची पोरं जमवून भजन करायचा. शाळा नाही, अक्षरओळख नाही. पण शेतकीत त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता, असं त्यांच्या चरित्रांतून वाचायला मिळतं. मामाची जमीन त्यानं आपलीच मानली होती. भाच्याची अशी माया आपल्याकडे गावोगाव दिसते. सातबाऱ्यावर नाव नसतं, घाम मात्र त्याचाच असतो.

मामा चंद्रभानजी भोळा माणूस. सावकाराशी देवाणघेवाण होती. पैसे फेडत गेले, पावती मागितली नाही, कारण शब्दावर विश्वास. वाचता येत नव्हतं, त्यामुळे वहीत काय लिहिलंय तेही कळलं नाही. एके दिवशी हिशेब निघाला तर कर्ज तसंच, वर व्याज. जमीन गेली. मामांनी हाय खाल्ली आणि त्यातच ते वारले. पुढे सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूनं त्यांना रानातून पिटाळून लावलं, असंही चरित्रकार सांगतात. पिटाळलं तरी कागद कागदच असतो.

आम्हाला असं वाटतं की बाबांनी पुढे पन्नास वर्षं जे कीर्तन केलं ते सगळं या एका शेतातून उगवलं. दारूनं बापाचं घर गेलं, कर्जानं मामाचं शेत गेलं आणि दोन्हीच्या मुळाशी अडाणीपणा. पोथी ऐकून हे कळलेलं नव्हतं, अंगावरून गेलेलं होतं.

१८९२ साली डेबूजींचं लग्न झालं. बायको कुंताबाई. मुलं झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणं मटण आणि दारू द्यायची होती. डेबूजींनी पंगतीला गोडाचं जेवण वाढलं. जातवाले बिघडले. बाबांनी ऐकून घेतलं आणि वाढत राहिले. पंगतीत बसलेल्या कितीजणांनी तेवढ्या एका जेवणासाठी कर्ज काढलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे ते घर सोडून निघाले. अंगावर फाटकं वस्त्र, हातात काठी आणि मातीचं गाडगं. वय अठ्ठावीस.

इथं आम्हाला उगाच गोड बोलवत नाही. घरी म्हातारी आई, तरणी बायको, लहान लेकरं. ज्याचा मातीवर एवढा जीव, तो माती सोडून का गेला? संतचरित्रात हा प्रसंग आला की कीर्तनकार टाळ्या घेतात, पण आपल्या दिंडीतल्या बायका त्या वेळी टाळ्या वाजवत नाहीत हे आम्ही पाहिलंय. कुंताबाईंनी पुढची सगळी वर्षं काय सोसलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. बाबांनी पुढे लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण आपल्या नातलगांना त्यात काडीचा हक्क ठेवला नाही. मूर्तिजापूरला कुंताबाई झोपडीत राहायच्या. मुलगा गोविंदा १९२३ साली वारला. ती बातमी बाबांना कीर्तनाच्या जागी कळली आणि कीर्तन थांबलं नाही. याला वैराग्य म्हणावं की आणखी काही, ते ज्यानं त्यानं ठरवावं. आम्ही फक्त एवढं म्हणतो की या चरित्रात कुंताबाईंचं नाव बाबांच्या नावाबरोबर घ्यायला हवं.

पहिली बारा वर्षं बाबा नुसते फिरले. कधी इथं, कधी तिथं. कुणी गोधडेबुवा म्हणायचं, कुणी चिंधेबुवा, कुणी लोटके महाराज. गाडग्यावरून गाडगेबाबा हे नाव टिकलं. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडगं पालथं घातलेलं. लोकांना वेडा वाटायचा. गावाच्या वेशीत शिरलं की पहिलं काम झाडायचं. गटार तुंबलंय, ते मोकळं केलं. पाणवठ्यावर चिखल झालाय, तिथं चार दगड आणून टाकले. कुणाच्या दारात लाकडं पडलीत, ती फोडून दिली. मग भाकर मागायची, ती गाडग्यात घ्यायची, वर कालवण असलं तर तेही त्यातच. कामाआधी खायचं नाही. कुणी पाया पडायला वाकला तर पाठीत काठी. रात्री गाव जमलं की कीर्तन. आणि दुसऱ्या दिवशी लोक शोधायला निघायच्या आत बाबा पुढच्या गावाला गेलेले.

म्हणजे बघा, ज्याचं स्वतःचं शेत गेलं, ज्यानं स्वतःचं गाव सोडलं, तो रोज एका नव्या गावात जाऊन ते आपलंच असल्यासारखं झाडत होता. एक रात्र राहायचं, तेवढ्यासाठी.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचं क्षेत्र आहे. तिथं मुद्गलेश्वराचं देऊळ आहे आणि पौष महिन्यातल्या रविवारी जत्रा भरते. नाव कसं, ऋणमोचन. ज्याच्या मामाचं शेत ऋणात बुडालं, त्यानं पहिलं मोठं काम याच जागी करावं, हा योगायोग असेल. पण आम्हाला तो विसरवत नाही. जत्रेला येणारे लोक नदीत उतरायचे आणि त्या काळ्या मातीच्या दरडीवरून घसरून पडायचे. म्हाताऱ्या, पोटुशी बाया, लेकरं घेतलेल्या आया. येताना ओल्या कपड्यांनी पुन्हा तीच दरड चढायची. बाबांनी फावडं घेतलं आणि दरड तासून वाट करायला लागले. दगड आणून टाकायला लागले. लोक आधी बघत राहिले, मग एकेक जण हात लावू लागला. १९०८ च्या सुमारास तिथल्या घाटाचं काम सुरू झालं. एका चिंधीवाल्यानं फावडं मारलं आणि त्यापासून पुढे बांधीव घाट झाला. घरच्यांची गाठही इथंच जत्रेत पडायची. पण ते घरी परत गेले नाहीत. दापुरे तिथून काही लांब नव्हतं.

बाबांचं कीर्तन आपल्या वारकरी पठडीतलं नव्हतं. पूर्वरंग-उत्तररंग नाही, चाली नाहीत. हातात दोन दगड किंवा टाळ, देवकीनंदनाच्या नावाचा गजर आणि वऱ्हाडी बोली. ते लोकांना विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढायचे. गावात कर्ज किती जणांवर आहे? ते कशाला काढलं? लग्नाला. व्याज किती? फिटलं का? नाही. असं विचारत विचारत समोरचा माणूस स्वतःच्याच तोंडानं कबूल करायचा की आपण चुकलो. हसणं व्हायचं आणि हसता हसता मान खाली जायची. दगडाच्या देवापुढे बोकड कापू नका, दारूच्या वाटेला जाऊ नका, माणसाला शिवून विटाळ मानू नका. आणि काही झालं तरी पोराला शाळेत घाला. त्यासाठी घरातलं जेवायचं ताट विकावं लागलं तर विका आणि हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरगं शिकलं पाहिजे, असं ते सांगत. ज्याच्या मामाला वहीतला आकडा वाचता आला नव्हता, त्याचं हे सांगणं होतं.

आणखी एक गोष्ट ते सांगत, ती आपल्याला जरा टोचणारी आहे. कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका. भांडी विकून, दागिना गहाण टाकून देवाच्या दारी आलात तर घरी परतल्यावर सावकार दारात उभा असेल, आणि त्या वेळी देव तुमच्या मदतीला येणार नाही. वारकऱ्यांच्या तोंडावर हे बोलायला छाती लागते. आपल्या दिंडीत भिशीची पद्धत आहे. वर्षभर थोडे थोडे पैसे टाकायचे म्हणजे आषाढात कुणाला हात पसरावा लागत नाही. ही पद्धत आपल्या वाडवडिलांनी बाबांचं ऐकून सुरू केली की आपल्याच अनुभवानं, ते सांगायला आता कुणी नाही. पण ती मोडू नये, एवढं नव्या कारभाऱ्यांना सांगणं आहे. अलीकडे दोन-तीन जणांनी वारीसाठी उचल घेतल्याचं कानावर आलंय.

आता पंढरपूर. बाबा आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला यायचे, पण देवळात दर्शनाला जात नसत. ते वाळवंटात असायचे. आज पासष्ट एकरात तंबू आहेत, नळ आहेत, फिरती शौचालयं आहेत, तरी एकादशीनंतर नदीकाठचा वास आपल्याला माहीत आहे. त्या काळी काय असेल? लाखो माणसं, आषाढाचा पाऊस, तीच नदी प्यायला, तीच आंघोळीला. पटकीची साथ यात्रेत फुटायची आणि घरी परतणाऱ्या वारकऱ्यांच्या पायांबरोबर गावोगाव पोचायची. माणूस माउलींच्या पायाशी जाऊन आला आणि आठ दिवसांत घरातली दोन माणसं गेली, अशा आठवणी जुन्या घरांत अजून निघतात. म्हणून बाबांचं झाडणं नुसतं नीटनेटकेपणासाठी नव्हतं. ते वाळवंट झाडत होते म्हणजे शे-दोनशे कोसांवरची, कधी न पाहिलेली घरं राखत होते.

राहायच्या जागेचा प्रश्न तर त्याहून मोठा. ऐपतवाल्यांना वाडे होते, मठ होते. गरिबाला पाऊस अंगावर घ्यावा लागे. त्यातही महार वारकऱ्यांना तर कुणी ओसरीवरही घेत नसे. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारात आहे, त्यांच्याच जातीची माणसं पंढरीत येऊन उघड्यावर पडत. बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. ही गोष्ट देऊळ सर्वांना खुलं होण्याच्या कितीतरी आधीची. देऊळ उघडलं १९४७ साली, सानेगुरुजींनी उपास केल्यावर. पुढे ही इमारत बाबांनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली, मुलांच्या शिकण्यासाठी. दोघांचा एकमेकांवर लोभ होता. आळंदीला, देहूला, नाशिकला, त्र्यंबकेश्वरला अशा धर्मशाळा झाल्या. मुंबईत मोठ्या दवाखान्यांत खेड्यातून येणारा रोगी आत असतो आणि त्याचं माणूस बाहेर फूटपाथवर झोपतं, हे पाहून तिथंही झाली. आपल्या गावातल्या कितीतरी जणांनी अशा धर्मशाळेत रात्री काढल्या आहेत. पैसा शेठ-सावकारांकडूनही आला. बाबा तो हातात घेत नसत, कामाला लावत. स्वतः मात्र त्या इमारतींमध्ये राहायचे नाहीत. कुठं झाडाखाली, कुठं पडवीत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या पुष्कळ ठिकाणी छापलेल्या आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामाला त्यांनी हातभार लावला. रयत शिक्षण संस्थेनं कराडला १९५४ साली काढलेलं कॉलेज त्यांच्याच नावाचं आहे. १९५२ मध्ये कामाची घडी बसावी म्हणून गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचं चरित्र लिहिलं. गो. नी. दांडेकर पोरवयात त्यांच्याबरोबर हिंडले होते. १९७७ च्या देवकीनंदन गोपाला या सिनेमात डॉक्टर श्रीराम लागूंनी बाबा उभे केले. आमच्यातल्या पुष्कळांनी तो गावच्या जत्रेत पडद्यावर पाहिला आणि पुढे कितीतरी दिवस बाबा म्हटलं की लागूच डोळ्यांपुढे यायचे.

शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला झालं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे. आपल्या मंडळींनी मोबाईलवर का होईना, ते एकदा ऐकावं. आवाज थकलेला आहे, पण प्रश्न तेच. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, आजारी बाबांना गाडीतून अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा प्राण गेला. घरात नाही, गावात नाही, रस्त्यावर. समाधी अमरावतीत आहे. त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात.

सन २००० मध्ये सरकारनं बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. ते दिवस आपल्यातल्या सगळ्यांना आठवत असतील. पोरं, सासवा-सुना, मास्तर, सरपंच सगळे झाडू घेऊन रस्त्यावर. भिंती रंगल्या, पांदण रस्ते स्वच्छ झाले. तपासणीची समिती येऊन गेली आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत उकिरडे पुन्हा होते तिथं आले. आता तर झाडायला माणूसच कमी. आपल्या गावची निम्मी घरं कुलूप लावून पुण्या-मुंबईला आहेत. ती पोरं वर्षातून एकदा दिंडीला मात्र येतात. पाय दुखेपर्यंत चालतात, गावाच्या आठवणी काढून रडतात. त्यांची माया खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही.

त्या माळावरच्या रात्रीनंतर दुसऱ्या साली आपल्या सामानाच्या गाडीत बारा खराटे, सहा घमेली आणि दोन फावडी चढली. पत्रावळ्या बंद केल्या, ज्यानं त्यानं आपलं ताट आणायचं. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, विशेषतः बायकांची, कारण ताट घासायचं काम त्यांच्यावरच आलं. मग नियम केला की पुरुषांनी आपलं आपण घासायचं. तंबू निघाले की काही मंडळी मागे थांबतात, जागा झाडतात, खड्डा बुजवतात आणि मग धावत दिंडी गाठतात. हे काम पुण्याहून येणारी पोरं आपणहून मागून घेतात. दोन वर्षं चुकलंही. एकदा पावसामुळे, एकदा नुसत्या आळसामुळे. तेही इथं लिहून ठेवतो.

त्या शेतकऱ्यानं अजून आपल्याला शेत दिलेलं नाही. आपणही मागितलं नाही. त्याच्या बांधावरून जाताना दिंडी जरा वेळ थांबते, दोन अभंग होतात. मागल्या वारीला त्यानं बांधाच्या कडेला पाण्याचं टिपाड भरून ठेवलं होतं आणि शेजारी लिंबाच्या बुंध्याला टेकवून एक खराटा.